‘संस्थापक’ या एका शब्दाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून बेटाचं नाव, देश, आडनावं आणि नेमकी सालं इथे देत नाही. माझं काम दस्तऐवजीकरणाचं. जुने कागद वाचायचे, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, वंशावळ मांडायची आणि त्यातून प्रदर्शन उभं करायचं. या बेटावर मला दोन महिन्यांसाठी बोलावलं होतं. प्रत्यक्षात सात महिने गेले, त्याला काही अंशी मीही कारण होते.

पार्श्वभूमी

बेट लहान. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला तासही लागत नाही. मुख्य भूमीशी संबंध फेरीबोटीचा, तोही समुद्राची मर्जी असेल तेव्हा. वस्ती काही शेकड्यांची, आडनावं मोजून पाच. त्यातल्या एका आडनावाला सगळे ‘मूळ घराणं’ म्हणतात.

मूळ घराण्याची गोष्ट बेटावरच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. एक नाखवा बायको आणि दोन मुलांना घेऊन होडीतून उतरला, त्याने विहीर खणली, दगडी घर बांधलं आणि बेट वसलं. पुरावा म्हणून सरकारचा एक परवाना दाखवतात. त्यावर नाखव्याचं नाव आणि तारीख आहे. त्या तारखेवरून यंदा शतकोत्तर सुवर्णमहोत्सव येत होता.

ग्रामसमितीने वर्षभर आधी ठराव केला. नाखवा उतरला त्या धक्क्याजवळ कोरीव शिळा बसवायची, जुन्या घराची डागडुजी करायची आणि शाळेत घराण्याचा वंशवृक्ष मांडायचा. मुख्य भूमीवरच्या एका निधीतून पैसे मंजूर झाले होते. अटी दोन होत्या. पैसे आर्थिक वर्षात संपवायचे आणि ‘संपूर्ण समुदायाची संमती आहे’ असं पत्र जोडायचं. ते पत्र मी पोहोचण्याआधीच गेलेलं होतं. त्यावर सह्या नऊ, आणि त्यातल्या सात एकाच आडनावाच्या. हे मी पहिल्या आठवड्यात पाहिलं आणि काही बोलले नाही.

शिळेचा मजकूरही ठरला होता. ‘येथे अमुक यांनी पहिले पाऊल ठेवले. या बेटाचे संस्थापक.’ पाथरवटाने पहिला शब्द कोरायला घेतला होता.

पेच

पहिली ठिणगी रोजकीर्दीतून पडली. नाखवा हिशेबाला पक्का होता. त्याची एक रोजकीर्द घराण्यातल्या थोरल्या काकांच्या कपाटात कापडात बांधून ठेवलेली होती. काकांनी ती मोठ्या विश्वासाने माझ्यापुढे सोडली. पहिल्याच पानावर पहिल्या फेरीत होडीतून काय काय आणलं त्याची यादी होती: डांबर दोन पिंपं, दोरखंड, शेळ्या सहा, माणसं चार, बियाणं, एक घण.

शेळ्या आणि बियाणं यांच्या मधोमध, नाव नसलेली ‘माणसं चार’.

खालच्या किनाऱ्यावरची तीन आडनावं स्वतःला त्या चौघांचे वंशज म्हणवतात. त्यांच्याकडे कागद एकही नाही. त्यांची गोष्ट अशी की नाखव्याला वल्ही मारता येत नव्हती. होडी आणली त्यांच्या पूर्वजांनी, विहीर खणली त्यांनी, आणि नाखव्याने काय केलं तर ते लिहून ठेवलं. हे मला सांगणारे गृहस्थ हसत हसत सांगत होते, पण हात छातीवर घट्ट बांधलेले.

दुसरी ठिणगी दफनभूमीत पडली. तिथे नाखव्याची मोठी शिळा आहे आणि तिच्या बाजूला गुडघाभर उंचीचा एक दगड, शेवाळ आणि दगडफुलाने भरलेला. तो कोरा आहे असं सगळे समजत. झिजलेला मजकूर वाचायची सोपी रीत म्हणजे काळोख झाल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, बाजूने तिरका धरायचा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि दिवसा सपाट दिसणारा दगड बोलू लागतो. तारेच्या ब्रशने किंवा अ‍ॅसिडने घासायचं नाही, त्याने उरलेली अक्षरंही जातात. शाळेतली दोन मुलं टॉर्च धरायला आली होती. चारही बाजूंनी उजेड टाकून आम्ही फोटो घेतले. दगड कोरा नव्हता. ती एका लहान मुलीची कबर होती. नावाची पहिली दोन अक्षरं लागत होती, साल जवळजवळ पूर्ण. फक्त शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना.

परवान्यावरचं साल पाचाने संपतं. आठ असेल तर मूल नाखवा उतरल्यानंतर तीन वर्षांनी गेलं, आणि गोष्ट जागच्या जागी राहते. तीन असेल तर नाखवा ‘पहिलं पाऊल’ ठेवायच्या दोन वर्षं आधी या बेटावर कुणीतरी लेकरू पुरलं होतं.

टॉर्च धरलेल्या मुलाने विचारलं, “मग पहिलं कोण?” दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोटीच्या रांगेत हाच प्रश्न विचारला जात होता.

खरं तर यात फार चमत्कारिक काही नाही. परवान्याची तारीख ही कागदाची तारीख असते. माणसं आधी येतात, राहतात, तग धरतात आणि मग अर्ज करतात. पण महोत्सवाचा आकडा त्या तारखेवर बेतलेला, निधी त्या आकड्यावर मिळालेला, आणि पाथरवटाचा ‘येथे’ हा शब्द कोरून झालेला.

कोणते पर्याय होते

समितीची बैठक शाळेत झाली. महोत्सवाला अकरा आठवडे उरले होते.

ठरलं तसंच पार पाडायचं, हा पहिला पर्याय. अध्यक्षबाईंचा कल तिकडे होता आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. “एका धूसर आकड्यासाठी आम्ही दीडशे वर्षांची गोष्ट मोडायची का?” दुसरा पर्याय पुढे ढकलायचा. त्यात निधी हातचा जाणार होता. तिसरा, शिळेवर पाचही आडनावं घालायची. ऐकायला न्याय्य, पण आडनावं पुरुषांची असतात. ज्या बायका या बेटावर आल्या, बाळंत झाल्या आणि मेल्या, त्या पाच आडनावांत कुठेच येत नाहीत.

इथे मी दुसऱ्या बेटांची उदाहरणं मांडली. पिटकेर्नवर १७९०मध्ये ‘बाउंटी’ जहाजाचे नऊ बंडखोर खलाशी उतरले. त्यांच्याबरोबर सहा पॉलिनेशियन पुरुष आणि ताहितीकडच्या स्त्रिया होत्या. आपसातल्या खुनाखुनीत आणि आजारपणात बहुतेक पुरुष संपले. १८०८मध्ये एक अमेरिकन जहाज तिथे पोहोचलं तेव्हा त्या पुरुषांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स हयात होता. बाकी होत्या त्या बायका आणि मुलं. बेट वाढवलं त्या बायकांनी, आणि आडनावं मात्र चालत आली ख्रिश्चन, यंग, अ‍ॅडम्स, क्विंटल अशी. सहा पॉलिनेशियन पुरुषांचा तर वंशच उरला नाही. ज्यांचे वंशज नाहीत त्यांची आठवण ‘घराण्याच्या’ महोत्सवात कोण काढणार? त्याच लोकांचे वंशज दोन बेटांवर दोन वेगळे दिवस पाळतात. पिटकेर्नवर २३ जानेवारी, म्हणजे जहाज जाळलं तो दिवस. नॉरफोकवर ८ जून, म्हणजे १८५६मध्ये तिथे येऊन पोहोचले तो. आरंभ कुठून मोजायचा हे माणसं ठरवतात, तो कुठे खणून सापडत नाही.

पामरस्टनचं उदाहरण काकांना आवडलं. विल्यम मार्स्टर्स १८६३मध्ये तिथे स्थायिक झाला. त्याच्या तीन बायकांपासून तीन शाखा झाल्या आणि बेटाची जमीनही त्या तीन शाखांत वाटली गेली. “बघा, तिथे एकाच पुरुषाचं नाव आहे,” काका म्हणाले. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “आणि जमीनही.” खोली गप्प झाली. त्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. मी पुढच्या उदाहरणावर गेले.

ते होतं कोकोस बेटांचं. १८२६मध्ये अलेक्झांडर हेअरने तिथे मलय माणसं आणली. पुढच्या वर्षी जॉन क्लुनीस-रॉस कुटुंबासह आला आणि मग पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याचा अंमल चालला. मजुरी घराण्याच्याच चलनात मिळे, आणि ते बेटाबाहेर चालत नसे. १९७८मध्ये ऑस्ट्रेलियाने साडेबासष्ट लाख डॉलरला घराण्याची बहुतेक जमीन घेतली. ६ एप्रिल १९८४ रोजी तिथल्या लोकांनी मत देऊन ऑस्ट्रेलियात सामील व्हायचं ठरवलं, आणि आज ते सोहळा करतात तो त्या मतदानाच्या दिवसाचा. घराण्याचा मोठा वाडा अजून उभा आहे, तोही लोक पाहायला जातात.

चौथा पर्याय बैठकीतून अचानक वर आला, डीएनए चाचणीचा. तरुण मंडळी उत्साहात होती. मी ठाम विरोध केला, आणि या प्रकरणात माझा जो एक निर्णय आजही तसाच घेईन तो हा. ट्रिस्टन द कून्हा या बेटाचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं. तिथल्या वंशावळी बेटांच्या मानाने उत्तम राखलेल्या आहेत, आणि तरीही जनुकीय अभ्यासात कागदावर नसलेल्या एका पुरुषाचा माग निघाला. काही शेकडा माणसांच्या वस्तीत असा निष्कर्ष निनावी राहत नाही. कुणाची पणजी, कुठल्या साली, हे जेवायच्या आत गावभर होतं. शिवाय चाचणी आईबापांचं रक्त सांगेल, विहीर कोणी खणली ते सांगणार नाही.

काय केलं

शिळेचा निर्णय शेवटी पाथरवटाच्या एका वाक्यावर झाला. त्याला विचारलं, पुढे मजकूर बदलायचा झाला तर? तो म्हणाला, “दगडात खाडाखोड नसते. तासून खाली जावं लागतं.” मग ठरलं की ज्याबद्दल वाद आहे ते दगडावर घालायचं नाही. ‘येथे’ कोरलेलाच होता. त्यापुढे एवढंच आलं: ‘येथे होडी लागली.’ नाव नाही, साल नाही, ‘संस्थापक’ नाही. अध्यक्षबाईंनी ठरावावर सही केली आणि पेन टेबलावर आपटलं.

नावं सगळी कागदावर जाणार होती, कारण कागद दुरुस्त होतो. शाळेच्या दालनात जमिनीवर लांबच लांब कागद पसरला. एका टोकाला सुतळीने पेन्सिल बांधली. वरच्या बाजूला नोंदवहीतून जुळलेली माणसं मी मांडून ठेवली, ‘माणसं चार’साठी चार रिकाम्या चौकटीही ठेवल्या, आणि दहा दिवस दार उघडं ठेवलं. आईकडची रेघ लाल आणि बापाकडची काळी, एवढाच नियम.

तीन दिवसांत वंशवृक्षाचं झाड राहिलं नाही, जाळं झालं. लहान बेटावर दुसरं काय होणार? लाल रेघांनी पाहिलं तर खालच्या किनाऱ्यावरचं जवळजवळ प्रत्येक घर नाखव्याच्या लेकीसुनांतून त्याच्यापर्यंत पोहोचत होतं, आणि खुद्द थोरल्या काकांची आजी त्या चौघांपैकी एकाची नात निघाली. हे कुणी शोधून काढलं नाही. काकांच्या धाकट्या बहिणीने येऊन निमूटपणे रेघ ओढली. ती म्हणाली, “आम्हाला माहीतच होतं. कुणी विचारलं नव्हतं.”

माझी चूक याच कागदावर झाली. जन्माच्या नोंदवहीत एका मुलीच्या बापाच्या रकान्यात एक नाव होतं आणि घरात दुसरंच सांगितलं जात होतं. नोंदवही सरकारी, कुणालाही पाहता येणारी. मी नोंदवहीतलं नाव घातलं आणि काळी रेघ ओढली. सातव्या दिवशी एक आजी आल्या. वाकून, चष्मा सावरत, त्यांनी ती जागा शोधली. मी पेन्सिल पुढे केली.

“पेन्सिल नको,” त्या म्हणाल्या. “खोडरबर आहे का?”

ती मुलगी म्हणजे त्यांची आई होती. मी काही समजावून सांगायला लागले की कागद सार्वजनिक आहे, नोंद खरी आहे. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “खरी असेल. पण तुम्ही ती भिंतीला लावणार आहात.” वहीत असणं आणि भिंतीवर असणं यांतला फरक मला व्यवसायाने माहीत असायला हवा होता. त्यांनी स्वतः रेघ खोडली. मी त्या रात्री सगळा कागद पुन्हा तपासला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय घातलेल्या आणखी तीन रेघा काढल्या. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीशेजारी खोडरबरही सुतळीने बांधला.

जुन्या घराचं थोडक्यात सांगते. त्याच्या चुन्याच्या भिंतींवर मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. आतली ओल अडकते, खाऱ्या हवेतलं मीठ दगडात साचतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावणं हे काम सावकाशीचं, एकेक थर वाळू द्यावा लागतो. अकरा आठवड्यांत अर्धं घर झालं.

आणि जमीन. ती गोष्ट महोत्सवाच्या तीन आठवडे आधी उघड झाली, तीही धक्क्यावर, बैठकीत नाही. बंदर वाढवण्याची योजना होती आणि धक्क्यालगतची जागा सामाईक. खालच्या किनाऱ्याला भीती अशी की ‘संस्थापक’ असं दगडावर, सरकारी पैशाने, सगळ्यांच्या संमतीपत्रासह कोरलं गेलं की उद्या नुकसानभरपाईच्या वेळी तो दगडच दाखला होईल. चार महिने आम्ही इतिहासावर वाद घालत होतो आणि अर्धी माणसं सातबाऱ्याची चिंता करत होती. कळल्यावर उपाय अर्ध्या तासाचा निघाला. शिळा, प्रदर्शन किंवा वंशावळ यांतलं काहीही जमिनीच्या हक्काचा पुरावा धरू नये, असा ठराव झाला. संमतीपत्र नव्याने लिहिलं आणि या वेळी पाचही आडनावांच्या सह्या आल्या.

काय झालं

महोत्सव झाला. घर अर्धंच झाल्यामुळे निधीचा शेवटचा हप्ता गेला, आणि उरलेलं काम गावाने नंतर हळूहळू केलं. कबरीच्या दगडाचे चारही फोटो शेजारी शेजारी लावले, खाली फक्त प्रश्न: तीन की आठ? लोक डोकं तिरकं करून बराच वेळ उभे राहत. ‘माणसं चार’चं पान मोठं करून लावलं होतं. चार चौकटींपैकी दोनांत नावं आली, आठवणीतली, म्हणून पेन्सिलीने. दोन रिकाम्याच राहिल्या.

थोरले काका शिळेच्या अनावरणाला आले नाहीत. संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, एकटे शाळेत आले. रोजकीर्दीच्या पानासमोर उभे राहिले. रोजकीर्द परत मागतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “यात शेळ्यांचा पैसा मांडलाय. माणसांचा कुठे मांडलाय?” मी सांगितलं, मांडलेला नाही. ते बराच वेळ पाहत राहिले आणि गेले. रोजकीर्द आता शाळेच्या कपाटात आहे, त्यांच्याच सांगण्यावरून.

सगळे समाधानी नाहीत. मूळ घराण्यातल्या एका घराने पुढच्या निवडणुकीत अध्यक्षबाईंना उघड विरोध केला. ‘बिननावाची शिळा’ ही तिथे आता थट्टेची म्हण झाली आहे, काम अर्धवट सोडणाऱ्याला उद्देशून.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या आठवड्यात ते नऊ सह्यांचं संमतीपत्र पाहिलं, तेव्हाच बोलले असते. बाहेरच्या माणसाला गप्प राहणं सोयीचं असतं, पण गावाला ते महाग पडतं.

माणसांआधी जमिनीबद्दल विचारलं असतं. ‘हा दगड इथे बसला तर उद्या कुणाचं काय जाईल?’ एवढा एक प्रश्न, घरोघरी, एकट्याएकट्याला. बैठकीत तो कुणी मांडत नाही.

दफनभूमी, नोंदवही आणि घरचे कागद पाहून झाल्याशिवाय पाथरवटाला हात लावू दिला नसता. आणि वंशावळीत हयात माणसाच्या आईबापापर्यंतची कोणतीही रेघ, नोंद सरकारी असो वा नसो, त्या घराला विचारूनच ओढली असती.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. टॉर्चचे फोटो महोत्सवाआधी दाखवायची घाई करायला हवी होती का? ती दोन मुलं माझ्याबरोबर नसती तर मी कदाचित महिनाभर थांबले असते, आकडा आणखी नीट लावून पाहिला असता. वाद शांतपणे झाला असता, किंवा झालाच नसता आणि शिळेवर नाव आलं असतं.

तो कागद अजून शाळेत गुंडाळून ठेवलेला आहे. दर वर्षी होडी लागल्याच्या दिवशी पसरतात. यंदा कितवं वर्ष, ते निमंत्रणात लिहीत नाहीत. मुख्याध्यापिकांनी मागच्या खेपेला फोटो पाठवला. तिसरी चौकट भरली आहे. अक्षर लहान मुलाचं दिसतं, आणि नावापुढे प्रश्नचिन्ह आहे.